विस्तारित पल्ल्याची बास गिटार

चार तारांच्या नेहमीच्या बास गिटारपेक्षा अधिक खालचे वा वरचे स्वर देणाऱ्या, पाच, सहा किंवा त्याहून अधिक तारांच्या वाद्यास विस्तारित पल्ल्याची बास गिटार म्हणतात. अमेरिकन वादक अँथनी जॅक्सन यांच्या कल्पनेवरून कार्ल थॉम्पसन यांनी १९७५ मध्ये सहा तारांची 'कॉन्ट्राबास गिटार' घडवली. तिच्या तारा खालून वर बी, ई, ए, डी, जी, सी अशा लावतात. पुढे केन स्मिथ यांनी जॅक्सन यांच्यासाठी तारांमधील अंतर वाढवलेले वाद्य बनवले.

खरेदी करताना खरी कसोटी खर्जाच्या बी तारेची असते. ई तार सुमारे ४१ हर्ट्झला, तर बी तार सुमारे ३१ हर्ट्झला कंप पावते; त्यामुळे ती सैल पडून स्वर अस्पष्ट होऊ शकतो. म्हणून प्रचलित ३४ इंचांऐवजी ३५ इंच लांबीची तार काही निर्माते योजतात. जाडी व स्वर तेच असता लांब तारेवर ताण अधिक येतो, मात्र बोटेही अधिक फाकावी लागतात. वापरलेल्या वाद्याची दांडी पिळलेली नाही ना आणि तिच्यातील ट्रस रॉड फिरतो ना, हे प्रत्यक्ष तपासावे लागते. विक्रेत्याने तारेची लांबी, घोडीजवळील तारांमधील अंतर व वजन सांगणे आवश्यक असते. छायाचित्रात केवळ तारांची संख्या मोजता येते.