तारीख कुणाच्या नावावर?

इअरफोन नीट लावा, आज तारखा जरा जास्त आहेत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा एपिसोड लिहूनही काढलाय.

२५ डिसेंबरला अमेरिकेत दुपारी बारा वाजता एनबीएची पहिली मॅच सुरू होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. मी दरवर्षी ठरवते की एकच मॅच बघायची आणि दरवर्षी दुसऱ्या दिवशीच्या स्टँडअपला डोळे चोळत बसते. हा प्रकार १९४७ पासून चालू आहे. वर्षभर बास्केटबॉलशी देणंघेणं नसलेली घरंही त्या दिवशी टीव्ही लावतात. गेल्या वर्षी मध्यरात्री असंच बघताना डोक्यात आलं की बायकांची डब्ल्यूएनबीए १९९७ पासून चालू आहे, मग तिचा असा दिवस कुठला?

बघायला कुणी नव्हतं म्हणून दिवस झाला नाही, असं पटकन वाटतं. मलाही वाटलं होतं. पण आधी असा दिवस तयार होतो कसा ते बघू, आणि त्यासाठी १९३४ च्या डेट्रॉइटला जाऊ. जी. ए. रिचर्ड्स नावाच्या माणसाने अमेरिकन फुटबॉलची एक टीम विकत घेऊन त्या शहरात आणली, तिचं नाव लायन्स. शहर मात्र बेसबॉलवेडं, नव्या टीमला कोण विचारतो? रिचर्ड्सकडे एक रेडिओ स्टेशन होतं. त्याने थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला मॅच ठेवली आणि एनबीसीला गळ घालून ती ९४ स्टेशन्सवरून देशभर ऐकवली. २६ हजार तिकिटं संपली. गंमत म्हणजे लायन्स हरले, १९-१६. तरी पुढच्या वर्षी त्याच दिवशी पुन्हा मॅच ठेवली आणि मधली १९३९ ते १९४४ ही वर्षं सोडली तर लायन्स आजही त्या दिवशी खेळतात.

आता बायकांकडे येऊ. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे एबीएल नावाची लीग सुरू झाली. ही पुरुषांसारखी हिवाळ्यात खेळायची आणि पगारही बरे द्यायची. दुसरी डब्ल्यूएनबीए, एनबीएने स्वतः काढलेली. तिला उन्हाळा मिळाला, कारण उन्हाळ्यात पुरुषांचा सीझन नसतो, स्टेडियमं रिकामी असतात आणि टीव्हीवर जागा असते. हिशोब बरोबर होता. पण त्याच दिवशी ख्रिसमसची तारीख हातातून गेली.

एबीएलला टीव्ही आणि स्पॉन्सरचे पुरेसे पैसे मिळाले नाहीत आणि तिसऱ्या सीझनच्या मध्यात तिने दिवाळखोरी जाहीर केली. तारीख होती २२ डिसेंबर १९९८. आता हे ऐका. त्या वर्षी एनबीएमध्ये मालक आणि खेळाडूंचं भांडण चालू होतं, लॉकआउट होता. त्यामुळे १९४७ पासूनचा हा एकच ख्रिसमस आहे ज्या दिवशी एनबीएची एकही मॅच झाली नाही. मैदान मोकळं होतं आणि हिवाळ्यात खेळणारी बायकांची लीग तीन दिवस आधी बंद पडली होती. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटवून चहा करायला उठले.

डब्ल्यूएनबीएची पहिली मॅच २१ जून १९९७ ला लॉस एंजेलिसला झाली. न्यूयॉर्क लिबर्टीने स्पार्क्सला ६७-५७ असं हरवलं, बघायला १४,२८४ लोक होते. दोन वर्षांनी, १४ जुलै १९९९ ला, पहिला ऑल-स्टार गेम न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला. व्हिटनी ह्यूस्टनने राष्ट्रगीत गायलं आणि १८,६४९ लोकांनी गार्डन भरलं. म्हणजे लोक येत होते.

मग ऑल-स्टारलाच तो दिवस का म्हणू नये? तर २००८, २०१२ आणि २०१६ ला तो झालाच नाही, कारण ऑलिम्पिक. २००४ ला त्याच कारणाने त्याच्या जागी वेगळी मॅच ठेवली, अमेरिकेची टीम विरुद्ध लीगमधल्या बाकीच्या स्टार, आणि तीही रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये. नाटक-गाण्याच्या स्टेजवर बास्केटबॉलचं कोर्ट! फोटो भारी आहेत, शोधून बघा. पण त्या उन्हाळ्यात लिबर्टीच्या काही मॅचेस त्याच हॉलमध्ये झाल्या, कारण रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनासाठी गार्डन दिलं होतं. २००८ ला टेनिसच्या आर्थर ॲश स्टेडियममध्ये, वर उघडं आकाश, अशी मॅच झाली. १९,३९३ लोक आले. पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा ठेवली असती तर? ठेवली नाही.

२०२१ पासून कमिशनर्स कप सुरू झाला. बक्षिसाची रक्कम पाच लाख डॉलर. जिंकणाऱ्या टीममधल्या प्रत्येकीला साधारण तीस हजार, म्हणजे तेव्हा तो सगळ्यात कमी पगार असलेल्या मुलीचा जवळजवळ अर्ध्या वर्षाचा पगार होता. पण त्याची फायनल कधी १२ ऑगस्टला, कधी २६ जुलैला, कधी २५ जूनला. कालनिर्णयमध्ये छापणार काय? २०२४ ला फायनलचं यजमानपद लिबर्टीकडे होतं, पण त्यांच्या बार्कलेज सेंटरमध्ये त्याच आठवड्यात एनबीएचा ड्राफ्ट होता. ड्राफ्ट म्हणजे मॅचसुद्धा नाही, नवीन पोरांची नावं वाचून दाखवायचा कार्यक्रम. लिबर्टी लाँग आयलंडवर दुसऱ्याच्या कोर्टवर खेळली आणि मिनेसोटाकडून हरली.

इथे मला आमचं कॉलेज आठवतं. मुलींच्या टीमला कोर्ट मिळायचं, नाही असं नाही. मुलांची प्रॅक्टिस संपली की. आमची इंटर-कॉलेज फायनल फेस्टमुळे तीनदा पुढे गेली आणि शेवटी सबमिशनच्या आठवड्यात झाली. बघायला सतरा जण होते, त्यातले चार आमच्याच हॉस्टेलचे. सर म्हणाले, पोरी खेळतात पण क्राउड येत नाही.

आता क्राउडचा मुद्दाही संपलाय. १९ सप्टेंबर २०२४ ला वॉशिंग्टनमध्ये केटलिन क्लार्कच्या इंडियाना टीमची मॅच बघायला २०,७११ लोक आले. सीझनमधली ती साधी मॅच होती.

मला विचाराल तर दिवस हाताशी आहे, २१ जून. लीगचा वाढदिवस, तिकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस. (आपल्याकडे ऑफिसमधून योगा डेची ईमेल येते तो.) अडचण एकच, एनबीए. २०२५ ची त्यांची फायनल २२ जूनपर्यंत लांबली. मग ज्यांनी लीग काढली त्यांच्याच फायनलच्या अंगावर आपला मोठा दिवस ठेवायचा का? माझं मत, ठेवायचा. पहिली दोन-तीन वर्षं मार खावा लागेल. लायन्स तर पहिल्याच मॅचला हरले होते.

आणि खेळाडूंना अशा दिवसाची किंमत कळते. १९ जुलै २०२५ ला इंडियानापोलिसला ऑल-स्टार गेम होता. पगाराच्या करारावरून बोलणी अडली होती. वॉर्म-अपला दोन्ही टीमच्या मुली काळे टी-शर्ट घालून आल्या. त्यावर लिहिलं होतं, आमचं जे देणं आहे ते द्या. मॅच संपल्यावर प्रेक्षकही तेच ओरडत होते.