सायकल, लूना, ॲक्टिव्हा : आपल्या घरांनी गाडी कशी शिकवली

आरतीच्या वेळी मंडळाच्या दाराबाहेर पाहिलं की चपलांच्या ढिगापलीकडे दुचाक्यांची रांग दिसते. नाटकाच्या तालमीला, ढोलाच्या सरावाला आपलीच मुलं-मुली त्यांवरून येतात, कित्येकदा तिघं-तिघं. त्यांतली बरीच नववी-दहावीतली असतात. हे आपल्याला दिसतं आणि आपण प्रसादाचं ताट पुढे करतो. आपल्या आजोबांच्या घरात ही सवय नव्हती. मग ती आपल्याला केव्हा आणि कशी लागली, याचा मागोवा यंदाच्या स्मरणिकेत घ्यावा असं आम्हाला वाटलं.

इंदूरला मोटारींचं वेड जुनं. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ड्युसेनबर्गचं नाव जगभरचे मोटारशौकीन आजही काढतात. पण मोटार ही राजघराण्याची आणि शेठ-साहुकारांची गोष्ट होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने रस्त्यावर मोटार चालवण्यासाठी किमान वय १८ ठरवलं. संस्थानं विलीन झाल्यावर आपणही त्याच कायद्याखाली आलो. तरी सामान्य मराठी घरात त्या कायद्याचं काही काम पडत नसे, कारण घरात असायची ती सायकल.

ती सायकलही बहुधा एकच, वडिलांची. मुलं शिकायची तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलवर. सीटवर पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून, ज्याला आपण इंदुरी बोलीत ‘कैंची’ म्हणतो, तशी चालवायची. कोणी काका कॅरिअर धरून मागे धावत. गुडघे फुटत, पण वेग बेताचा असल्याने त्यावरच निभावे. आधी ब्रेक, मग तोल, मग वळण, असा क्रम असे. सायकलवर तीन-चार वर्षं काढलेल्या मुलाला रस्ता कळू लागलेला असे. वळणावर वाळू असते, उभ्या टांग्यामागून माणूस अचानक निघतो, पहिल्या पावसात रस्ता निसरडा होतो, हे त्याला कोणी सांगावं लागत नसे.

१९७२ साली दोन गाड्या आल्या. एक बजाजची चेतक. तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. इतकी वाट पाहून आलेली स्कूटर वडील पुसून, झाकून ठेवत. ती मुलाच्या हाती सहज पडणं शक्यच नव्हतं. शिवाय ती सोपीही नव्हती. इंजिन उजव्या बाजूला, त्यामुळे तोल वेगळा. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर एकत्र. किक मारून दमलं की स्कूटर कलंडवून पुन्हा किक. रविवारी सकाळी दसरा मैदानावर वडील मागे बसून शिकवत आणि कित्येक रविवार तसेच जात.

दुसरी गाडी म्हणजे कायनेटिकची लूना, ५० सीसीची. पुण्या-नगरच्या नातेवाइकांमुळे ती आपल्याकडे आधीच ओळखीची झाली. पेडल होतं, गिअर नव्हता, वेग सायकलीपेक्षा थोडा जास्त. सायकलवरून लूनावर आणि लूनावरून चेतकवर जाताना मुलगा दर पायरीवर दोन-तीन वर्षांनी मोठा झालेला असे. हे काही कोणी ठरवून केलं नव्हतं. पैसा कमी होता, गाड्या कमी होत्या, म्हणून शिकणं सावकाश झालं. त्या पिढीच्या शिस्तीचं कौतुक आपण नेहमी करतो. पण त्या शिस्तीतला मोठा वाटा टंचाईचा होता, हेही कबूल केलं पाहिजे.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर ही शिडी मोडली, आणि मोडली ती आपल्या अगदी शेजारी. पीथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा बाहेर पडू लागली. ९८ सीसीचं इंजिन, गिअर नाही, किकही मारायला नको; बटण दाबलं की सुरू. आपल्या घरांतल्या कितीतरी बायका आणि मुली या गाडीमुळे पहिल्यांदा स्वतःच्या बळावर कामाला, कॉलेजला, क्लासला जाऊ लागल्या. तिचे हे उपकार विसरून चालणार नाही. पण जी गाडी शिकायला अर्धा तास पुरतो, ती शिकवायलाही आपण अर्धाच तास देऊ लागलो. गाडी चालवता येणं आणि रस्त्यावर चालवता येणं या दोन गोष्टी आपण एकच समजलो.

याच काळात कायदाही बदलत होता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने १६ वर्षांच्या मुलाला बिनगिअरची दुचाकी चालवायची मुभा दिली. मात्र शिकाऊ परवान्यासाठी पालकाची लेखी संमती हवी. १९९४ च्या दुरुस्तीत ‘बिनगिअरची’ हे शब्द जाऊन ‘५० सीसीपर्यंतची’ अशी मर्यादा आली. म्हणजे १६ वर्षांच्या मुलासाठी कायनेटिक होंडा त्या नोव्हेंबरपासून बाद झाली. हा बदल आपल्या किती घरांना कळला? ‘सोळा पूर्ण झाली, गिअर नाही, चालतं’ हे वाक्य आपण त्यानंतरही वर्षानुवर्षं बोलत राहिलो.

आम्हीही त्यांतलेच. १९९६ च्या पावसाळ्यात आमची अकरावीतली मुलगी मैत्रिणीला मागे बसवून क्लासहून परतत होती. वळणावर ओली वाळू होती, तिने पुढचा ब्रेक करकचून दाबला. तिचं मनगट मोडलं. मैत्रिणीच्या कपाळाला सात टाके पडले. हेल्मेट दोघींच्याही डोक्यावर नव्हतं. दवाखान्यात मैत्रिणीच्या वडिलांनी एवढंच विचारलं, ‘‘भाऊ, तिला लायसन्स होतं ना?’’ आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिला गाडी सुरू करायला आम्ही शिकवलं होतं, ओल्या रस्त्यावर थांबायला नाही. आणि किल्ली आम्हीच दिली होती.

आज घरोघरी ॲक्टिव्हा किंवा तसली गाडी आहे. ती १०० सीसीच्या वरची, म्हणजे १८ वर्षांखाली चालवायची नाहीच. ५० सीसीची पेट्रोल गाडी आता शोधूनही सापडत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतली, २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची इलेक्ट्रिक दुचाकी विनापरवाना चालते. पण ट्रक आणि बस तिच्याही शेजारून जातात. २०१९ च्या दुरुस्तीने जबाबदारी थेट आपल्यावर टाकली आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. कोणी जखमी झालं तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, ते वेगळंच.

पण दंडाच्या भीतीने कोणी शिकत नाही. टंचाईने जे आपोआप घडवलं, ते आता आपल्याला ठरवून घडवावं लागेल. शाळेच्या वयात सायकल, तीही रहदारीचे नियम पाळून. अठराव्या वर्षी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा ३० दिवसांनंतरच देता येते. ते दिवस कागदावर काढू नयेत. मागच्या सीटवर परवाना असलेलं घरचं माणूस बसावं, मित्र नव्हे. आधी रिकामं मैदान, मग गल्ली, मग राजवाड्याची गर्दी, शेवटी रात्र आणि पाऊस. दोन्ही ब्रेक एकत्र, बेताने दाबणं, वळण्याआधी आरसा आणि मान दोन्ही वळवून पाहणं, बसच्या पुढून न काढणं, हे शंभरदा करून घ्यावं. आणि हेल्मेट आधी आपण घालावं, कारण मुलं आपलं पाहूनच शिकतात.

ज्या पीथमपूरला कायनेटिक होंडा बनली, तिथेच २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक सुरू झाला. तिथे वेग तपासतात तो बंद आवारात, प्रशिक्षित चालकाकडून. आपल्या रस्त्यांवर ती चाचणी सोळा वर्षांची मुलं करत आहेत.

यंदा अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या पाहायला मुलं रात्रभर बाहेर असतील. त्यांना सोडायला आणि आणायला आपणच जाऊ. गणरायाच्या एवढ्या मोठ्या देहाखाली एवढंसं वाहन आहे, आणि ते त्याच्या आज्ञेबाहेर नाही. आपल्या मुलांना तेवढी बुद्धी देण्याआधी त्याने ती आम्हा आई-बापांना द्यावी, एवढंच मागणं.