टिचबोर्नचे पीठ

बुडालेल्या इंग्रज घराण्यांच्या वंशावळी चाळण्याचा मला एक निरुपद्रवी नाद आहे. त्यांत हॅम्पशायरच्या टिचबोर्न घराण्यापाशी मी हटकून थबकतो.

‘बॅरोनेट’ हा किताब पहिल्या जेम्स राजाने १६११ साली काढला, तो मुख्यतः तिजोरी भरण्यासाठी. १६२१ साली तो सर बेंजामिन टिचबोर्न यांना मिळाला. पण घराण्याची खरी कहाणी सांगतात ती बाराव्या शतकातली. मरणाला टेकलेल्या मेबेलाबाईंनी गरिबांसाठी धान्य मागितले. नवरा म्हणाला, हे जळते लाकूड विझेपर्यंत जेवढ्या जमिनीला फेरी घालशील तेवढीचे पीक दानाला! बाई रांगत गेली आणि तेवीस एकर पदरात पाडून आली. त्या शेताला पुढे ‘क्रॉल्स’, म्हणजे ‘रांगणी’, हेच नाव पडले. दान थांबले तर सात मुलग्यांच्या पिढीमागून सात मुलींची पिढी येईल व नाव बुडेल, असा तिचा शाप. १७९६ साली गर्दीला कंटाळून दान बंद झाले. १८०३ साली वाड्याचा काही भाग ढासळला. सातव्या बॅरोनेटला सात मुलगे झाले, आठव्याला सात मुली! मग पीठवाटप पुन्हा सुरू झाले. शापातला हिशेब मागाहून जुळवला असावा, असा मला आपला संशय आहे.

पुढे १८५४ साली थोरला वारस रॉजर ‘बेला’ जहाजाबरोबर ब्राझीलजवळ बुडाला. आईने ते मानले नाही. तिने वर्तमानपत्रांतून शोध चालवला. आपल्या पार्वतीबाईंची आठवण व्हावी, आणि तोतयाचीही! ऑस्ट्रेलियातल्या वॉगा वॉगा गावचा एक कर्जबाजारी खाटीक ‘मीच रॉजर’ म्हणत आला. पॅरिसमध्ये वाढलेल्या रॉजरला फ्रेंच अस्खलित येई. याला एक वाक्य धड येईना. तरी १८६७ साली आईने त्याला पोटाशी धरले. ती फसली, की तिला फसायचेच होते? मला दुसरेच खरे वाटते. ती १८६८ साली वारली, आणि त्याचा मोठा आधार गेला. १८७२ साली दिवाणी दावा कोसळला. १८७४ साली, १८८ दिवसांच्या फौजदारी खटल्यानंतर, तो वॅपिंगचा आर्थर ऑर्टन ठरून त्याला चौदा वर्षांची सजा झाली. गोरगरिबांनी मात्र त्याच्यासाठी वर्गणी काढली. बड्यांनी एका बिचाऱ्याचा हक्क बुडवला, असेच त्यांना वाटे.

किताब १९६८ साली संपला. चौदावे बॅरोनेट सर अँथनी वारले, मागे मुलगा नव्हता. पीठवाटप त्यानंतरही २५ मार्चला होत राहिले. आणि तो खाटीक? १८९८ साली दारिद्र्यात मेला. त्याच्या शवपेटीवर ‘सर रॉजर टिचबोर्न’ असे नाव घालू देण्यास घराण्याने हरकत घेतली नाही.