किंचाळणारी चकती

ब्रेक लावला की गाडी किंचाळायला लागली तो जून महिना होता. आणि जूनमध्ये जे काही बिघडतं ते पावसानं, असं मानायची आमच्या घरी पद्धत आहे. दारं फुगतात, मिठाला पाणी सुटतं, सासऱ्यांचा गुडघा बोलायला लागतो. तशीच गाडीही बोलत असेल. मी रेडिओचा आवाज वाढवला. सौ.ला तर त्या आवाजाची सोयच झाली. संध्याकाळी गेटपाशी किंकाळी ऐकू आली, की ती चहाचं आधण ठेवायची.

सप्टेंबर संपला, पाऊस उघडला, गुडघा गप्प झाला. गाडी काही गप्प होईना. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवली. काकांनी एका गॅरेजात तीस वर्षं ब्रेकची कामं केलेली. त्यांनी चाकाच्या फटीतून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, ही बोंब मारायलाच बसवलेली पत्री आहे. पॅड झिजलं की ती डिस्कला घासते. मालकाला कळावं म्हणून."

म्हणजे तीन महिने मी ज्या आवाजावर गाणी लावत होतो, ती मला आलेली नोटीस होती! बँकेत असल्या नोटिसा मी स्वतः पाठवतो, आणि कर्जदार त्या वाचत कसे नाहीत यावर चहाच्या वेळी पोटतिडकीनं बोलतो.

पॅडबरोबर पुढच्या दोन्ही डिस्कही झिजल्या होत्या. गॅरेजवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी बी.कॉम. असल्याचं मला तीव्रतेनं आठवलं. काम घरीच करायचं ठरलं. हात काकांचे, मेहनत माझी. सामान यायला चार दिवस होते, तेवढ्यात मी ब्रेकचा इतिहास वाचून काढला. पाना धरता येत नसला, की माणूस इतिहासाकडे वळतो.

घरच्या घरी ब्रेक दुरुस्त करण्याचा मान एका गृहिणीचा आहे, हे वाचून मी पुस्तक सौ.पासून लपवलं. ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत बर्था बेंझ नावाच्या बाई, नवरा झोपेत असताना, त्यानंच बनवलेली तीनचाकी मोटार काढून दोन मुलांसह माहेरी निघाल्या. मॅनहाइम ते फोर्झहाइम, शंभरेक किलोमीटर. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. उतारांवर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा वाटेतल्या एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीचं पहिलं ब्रेक लायनर म्हणतात ते हेच. नवऱ्यानं मोटार शोधून काढली खरी. पण ती थांबवायची कशी, हे बाईंना माहेरच्या वाटेवर सुचलं.

ब्रेकचं आणि पादत्राणांचं नातं पुढेही सुटलं नाही. इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डोंगराळ भागात गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यांना जुने बूट ठोकत, हे हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थांनी पाहिलं. बुटापेक्षा बरं काहीतरी करू म्हणून त्यांनी १८९७ मध्ये धंदा काढला. आपल्या आडनावात बायकोच्या, एलिझाबेथच्या नावातलं 'ई' हे अक्षर मिसळून, अक्षरं इकडची तिकडे करून त्यांनी कंपनीला 'फेरोडो' म्हटलं. आपल्याकडच्या मेकॅनिकांना हे नाव पाठ असतं. त्यात एका बाईंचं एक अक्षर आहे, हे काकांनाही ठाऊक नव्हतं.

आता माझ्या गाडीच्या किंचाळण्याचे मूळपुरुष. बर्मिंगहॅमचे फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी पातळ धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा. कल्पना आजही तीच आहे. पण चिमट्याला आतून अस्तर होतं तांब्याचं. धातूवर धातू! फळ्यावर नख ओढल्यावर जसा अंगावर काटा येतो, तसा रस्ताभर यायचा. शिवाय रस्त्यांवर धूळ एवढी, की तांबं भराभर झिजायचं.

हा आवाज बंद केला फ्रूडसाहेबांनी. त्यांच्या सुती पट्ट्या तापल्या की जळत, म्हणून ते न जळणाऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसकडे वळले. अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे दगडाचं सूत. त्याचं अस्तर लावल्यावर लँचेस्टरचा ब्रेक गप्प झाला, आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या ब्रेकांत बहुतेक हेच अस्तर राहिलं.

या शांततेचं बिल वेगळ्याच खात्यावर पडत होतं. इंग्लंडातच, रॉचडेलच्या एका गिरणीत नेली केर्शॉ नावाची बाई अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातायची. मार्च १९२४ मध्ये ती वारली, वय ३३. फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसचे कण सापडले आणि डॉक्टरांनी ते वैद्यकीय मासिकात छापलं. कंपनीनं भरपाई दिली नाही. तिला जिथं पुरलं, तिथं नावाचा दगडही लागला नाही. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्बेस्टॉसवर पुरती बंदी यायला १९९९ उजाडलं. आमच्याकडे एका पैशाचा फरक राहिला तरी रात्री नऊपर्यंत बसवून ठेवतात. इथं पंचाहत्तर वर्षं ताळा जुळला नाही, तरी सगळे वेळेवर घरी जात होते.

डिस्क मात्र मधल्या काळात अडगळीत पडली. राज्य होतं ड्रमचं. ड्रम ब्रेकमध्ये शू, म्हणजे पुन्हा बूटच, आतून बाहेर दाबले जातात. फिरता ड्रम त्यांना स्वतःच ओढून घेतो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. दोष एवढाच, की तापला की ड्रम फुगतो, शूपासून दूर जातो, आणि पाय खाली जाऊनही गाडी पुढेच. डिस्कला वारा लागतो. ती लवकर निवते. हे सगळ्या जगाला पटलं १९५३ मध्ये, फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांच्या जॅग्वार गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला इतरांचे पाय ब्रेकवर जायचे, तेव्हा यांचे अजून अ‍ॅक्सिलरेटरवर असायचे. ताशी १७० किलोमीटरच्या सरासरीनं ते जिंकले. दोन वर्षांनी सित्रोएननं आपल्या 'डीएस' गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क बसवल्या, आणि शर्यतीतली वस्तू भाजी आणायला जाणाऱ्याच्या गाडीत आली.

रविवारी सकाळी काम सुरू झालं. काकांनी शिकवलं: नट आधी सैल करायचे, मग जॅक. कॅलिपर काढला की तो रबरी नळीवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेनं बांधायचा. जुनी डिस्क गंजून अशी बसली होती, की तिला काढायला हातोडीचे बारा-पंधरा ठोके लागले. त्यातला एक माझ्या अंगठ्याला. नवी पॅडं जाड, ती मावावीत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन क्लॅम्पनं मागं रेटायचा. पॅडच्या खोक्यावर 'नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस' असं छापलेलं होतं.

कॅलिपरच्या आत काळी भुकटी साचली होती. काका वाकले आणि फुंकर मारायला गाल फुगवले.

"काका, फुंकू नका!"

"अहो साहेब, तीस वर्षं फुंकतोय. लायनरची ब्रेकं होती तेव्हा तर तोंड पांढरं व्हायचं." आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबली नाही. "विडीचा आहे," ते म्हणाले.

विडी काकांनी सोडून बारा वर्षं झाली. त्याचे पेढे आम्ही खाल्ले होते. मी काही बोललो नाही. घरातून फडकं भिजवून आणलं आणि दोन्ही चाकांतली भुकटी मीच पुसली.

दोन वाजता काम झालं. काका हात धुवायला गेले आणि मी उत्साहानं गाडी सुरू केली. आमच्या पार्किंगपासून गेटपर्यंत छोटा उतार आहे. खाली सौ. गेट उघडून, पाठ करून, रस्त्यावरच्या रिक्षा थोपवत उभी होती. मी ब्रेक दाबला. पेडल लोण्यात सुरी जावी तसं थेट तळाला टेकलं. गाडी चाललीच. हॉर्न कुठं असतो ते मला त्या क्षणी आठवेना. हात आपोआप हँडब्रेकवर गेला, मी तो दोन्ही हातांनी ओढला, आणि गाडी सौ.पासून दोन वितींवर थांबली. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो. माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना अजून ड्रम आहेत.

काका ओल्या हातांनी धावत आले. "पेडल पंप केलं नाही? पिस्टन मागं रेटलाय ना आपण! पाच-सात वेळा दाबल्याशिवाय तो पुढं येतो होय?"

मी बसल्या जागी पेडल दाबत राहिलो. सातव्या दाबाला ते घट्ट झालं. माझे गुडघे त्यानंतरही बराच वेळ सैल होते.

सौ. बॉनेटला हात लावून उभी होती. "अहो," ती म्हणाली, "मला वाटलं, ब्रेक लावाल तेव्हा ओरडेलच की. ओरडली नाही, म्हणून मी वळूनच बघितलं नाही."