मामाजींचा गुन्हा कोणत्या रकान्यात?

नवेगाव बांधला माझे मामाजी बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणत. परवान्याविना जंगलातून बांबू आणताना ते एकदा पकडले गेले आणि दंड भरून सुटले. खटला झाला नाही. तरी म्हातारपणी ते मला विचारत, "मी चोरी केलो का रे, बाबू?" त्या प्रश्नापायी मी जुने कायदे वाचू लागलो.

वनस्पतिशास्त्रात बांबू हे गवत आहे. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाने मात्र ताड, वेत, खुंट यांच्याबरोबर बांबूलाही 'झाड' ठरवले. १९७५मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याच्या हद्दीत गुरे चारणेही गुन्हा ठरले. पुढे २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. २०११ साली गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. बांबू तोच, कोयता तोच. व्याख्या तेवढी बदलली.

व्याख्येनंतर मोजणीचा घोळ येतो. वन अधिनियमाचे कलम ६८ पैसे घेऊन प्रकरण मिटवू देते. त्यामुळे मामाजी वनगुन्ह्यांच्या नोंदवहीत आले, पण न्यायालयाच्या दोषींत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची पद्धतही पाहा: एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक गुन्हे असले, तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. बाकीचे आकड्यांतून गळतात.

बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञाने १८३५मध्येच बजावले होते, की आपल्याला कळलेले गुन्हे हा घडलेल्या गुन्ह्यांचा केवळ एक भाग असतो. न्यायवैद्यक मानसशास्त्राची अडचण नेमकी इथे आहे. 'गुन्हेगाराचे मन' अभ्यासायला संशोधक तुरुंगात जातो. तिथे त्याला भेटतात ते पकडले गेलेले आणि शिक्षा झालेले. १९४०च्या दशकात अमेरिकेत ऑस्टिन पोर्टरफिल्ड यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाच त्यांची कृत्ये विचारली. बालन्यायालयात उभ्या केलेल्या मुलांवर जे आरोप होते, तसलीच कृत्ये त्यांनीही केली होती. फरक इतकाच, की ते न्यायालयापर्यंत क्वचितच पोहोचले होते.

म्हणून एखाद्या गावाला, जातीला वा जमातीला आकड्यांवरून गुन्हेगार ठरवण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: व्याख्या कोणी केली, पकडले कोणाला, आणि मोजले कोणी?

मामाजींना मी एवढेच सांगू शकलो, की कायद्याने तो गुन्हा होता. चोरी होती का, हे कुठल्याच नोंदवहीत लिहिलेले नाही. ते काही बोलले नाहीत; हातातली बांबूची पाती सोलत राहिले.