कापडाचं आभाळ

काशीतल्या जुन्या घराच्या चौकात ऊन क्वचितच तळापर्यंत पोचतं. ते वरच्या मजल्यांवर अडतं आणि खाली उतरतो तो नुसता आभाळाचा उजेड. तो एका दिशेने येत नाही, म्हणून माणसाच्या पायाशी गडद सावली पडत नाही. १९५६च्या ‘अपराजितो’ चित्रपटासाठी दिग्दर्शक सत्यजित राय यांना नेमका हा उजेड कलकत्त्याच्या स्टुडिओत हवा होता. भारतीय सिनेमातल्या ‘बाउन्स लाइटिंग’चा, म्हणजे दिव्याचा झोत आपटवून उजेड पसरवण्याच्या पद्धतीचा, जन्म या गरजेतून झाला.

तिची मुळं मात्र ‘द रिव्हर’पर्यंत जातात. या चित्रपटासाठी फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वार बंगालात आले, तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रकार असलेले राय त्यांच्यासोबत जागा पाहत हिंडले. सुब्रत मित्र नावाच्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला तिथे काम मिळालं नाही. त्याने नुसतं बघायची परवानगी मिळवली आणि कॅमेरा कुठे, दिवे कुठे, नट कुठून कुठे जातात, हे सारं तो वहीत रेखाटत राहिला. १९५२मध्ये राय यांचा पहिला चित्रपट ‘पथेर पांचाली’ सुरू झाला, तेव्हा त्यांनी कॅमेरा त्याच्याच हाती दिला. त्याआधी त्याने चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवला नव्हता. बोडाल गावातल्या पडक्या घरात, झाडाखाली, पावसात, जसा मिळेल तसा उजेड घेत दोघं घडत गेले.

‘अपराजितो’त नायकाच्या वडिलांच्या, हरिहरच्या, काशीतल्या घराचा चौक उघड्यावर उभारायचा बेत होता. पावसाळ्याच्या धास्तीने कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी तो स्टुडिओत बांधायचं ठरवलं. मित्र यांनी राय आणि चंद्रगुप्त दोघांशी वाद घातला: सावली न पाडणारा आभाळाचा उजेड छपराखाली आणणार कसा? त्या काळी स्टुडिओत उंचावरच्या दिव्यांचा झोत थेट नटावर सोडत. भर दुपारच्या प्रसंगातही भिंतीवर एकाच माणसाच्या दोन-तीन सावल्या दिसत.

वादात मित्र यांचं काही चाललं नाही. मग त्यांनी चौकाच्या डोक्यावर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांची तोंडं नटांकडे न ठेवता त्या कापडाकडे वळवली. कापडावर आपटून उजेड पसरून खाली येऊ लागला. एका दिव्याच्या जागी अख्खं कापडच उजेड देत होतं, म्हणून सावल्यांच्या कडा विरघळल्या. या पद्धतीत बराचसा उजेड वाटेतच वाया जातो, तरी मित्र यांनी ती किंमत मोजली. पडद्यावर तो चौक पाहताना काशी संपून स्टुडिओ कुठे सुरू झाला, हे कळत नाही. चंद्रगुप्तांच्या भिंतींचं जुनेपण खरं वाटतं, तेही या उजेडामुळे.

१९५७मध्ये ‘अपराजितो’ला व्हेनिस चित्रपट महोत्सवाचा सुवर्णसिंह पुरस्कार मिळाला. मित्र यांनी ही पद्धत पुढे हत्यारासारखी परजली. ‘चारुलता’तल्या (१९६४) खोल्यांमधला मऊ उजेड तिचंच फळ आहे.

राय यांच्या सुरुवातीच्या शैलीला आपण ‘वास्तववादी’ म्हणून मोकळे होतो. पण हे वास्तव सापडलेलं नव्हतं, कष्टाने उभं केलेलं होतं. प्रसंग कोणत्या प्रहरी घडतो आणि उजेड कुठून येतो, हा प्रश्न दिवा लावण्याआधी विचारायची शिस्त त्यामागे होती. राय यांचं मोठेपण सांगताना मित्र आणि चंद्रगुप्त यांची नावं त्यांच्या बरोबरीने घ्यायलाच हवीत.