काळी एक, काळी दोन

बाबुपेठेतल्या आमच्या घरी बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेट आहेत. सगळ्या घरी भरलेल्या, १९८५ ते १९९४ दरम्यानच्या. वडील आणि त्यांचे चार मित्र दर पावसाळ्याच्या शेवटी गाणी बसवायचे. बाबासाहेबांनी नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ला, चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्याचा सोहळा दरवर्षी होतो आणि वस्तीतल्या मंडळांना त्यासाठी नवं गाणं हवं असायचं. बसवलेली चाल विसरू नये म्हणून रेकॉर्डिंग. दुसरा काही हेतू नव्हता.

भारतातल्या रेकॉर्डिंगचा इतिहास सहसा १९०२च्या कलकत्त्यापासून, गौहर जान आणि गाइसबर्गपासून सांगतात. त्या इतिहासात गायक कंपनीकडे जातो आणि तीनेक मिनिटांत गाणं संपवतो. फिलिप्सने १९६३मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट दाखवली, ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे स्वस्त झाली, आणि एचएमव्हीची सद्दी संपली. पीटर मॅन्युएलचं १९९३चं ‘कॅसेट कल्चर’ हे पुस्तक याच उलथापालथीवर आहे. पण तोही मुख्यतः बाजाराचा इतिहास. कोरी कॅसेट घेऊन घरी काय भरलं, याची नोंद कुठल्याच कंपनीच्या वहीत नाही.

आमच्याकडे टू-इन-वन होता, त्यातच बसवलेला माइक. पंखा बंद करायचा. यंत्राखाली उशी, नाहीतर ढोलकीचा दणका जमिनीतून आत जायचा. पेटी जवळ, गाणारा त्याहून जवळ, ढोलकीवाला थेट दारात. मिक्सर म्हणजे हे अंतर. एवढं करूनही थाप जोरात पडली की आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट सगळंच दाबून टाकायचं आणि गाणाऱ्याचा शब्द क्षणभर बुडायचा. आज मी मित्रांबरोबर लॅपटॉपवर आठ ट्रॅक वेगळे भरतो. आमच्या गाण्यांत कुणी कुणासाठी मागे सरकून बसल्याचं ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी या कॅसेट मी संगणकावर घेतल्या. त्यातल्या एकीवर वडिलांच्या मित्राचं, आता हयात नसलेल्या काकांचं, अर्ध्या तासाचं सलग गाणं आहे. त्यांच्या मुलाला ऐकवलं. तो म्हणाला, “बाबाचा आवाज असा नव्हता भाऊ. हा कोणी पोरगा गाते.”

मला ते लागलं. पण त्याचं बरोबर होतं. विजेवर भरलेल्या कॅसेटमध्ये बहुधा ५० हर्ट्झची बारीक घरघर सापडते, तिच्यावरून वेग तपासता येतो. या कॅसेटवर ती नव्हतीच. म्हणजे लाइन गेलेली होती आणि यंत्र सेलवर चालू होतं. (शेजारी दुर्गापूरला एवढं मोठं वीज केंद्र, आणि आम्ही अंधारात!) फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकायला हवी. सेल उतरत गेले तशी मोटर मंदावली, फीत हळू सरकली. आता ती योग्य वेगाने वाजवली की आवाज चढतो. सुरुवातीला पेटी काळी एकमध्ये आहे, बाजू संपताना काळी दोनमध्ये. वेगाच्या हिशेबात सुमारे १२ टक्के.

पेटीचे स्वर वाजवताना असे सरकत नाहीत. तीच पेटी अजून त्या काकांच्या घरी होती, भात्याला चिकटपट्ट्या लावलेली. काळी एकचा सूर मी मोबाइलवर भरून घेतला आणि दर अर्ध्या मिनिटाला कॅसेटमधल्या पेटीशी ताडत वेग खाली आणला. सुरुवातसुद्धा थोडी चढीच निघाली. दोन रविवार गेले.

मुलाला पुन्हा ऐकवलं. त्याने गाण्यावर काहीच म्हटलं नाही. दुसऱ्या कडव्याआधी काका खाकरतात आणि ढोलकीवाल्याला हळू आवाजात ‘थांब’ म्हणतात. तेवढी जागा त्याने चार वेळा मागे घ्यायला लावली, मग आईला आतून बोलावलं.